न कळण्याचा मोबदला

एप्रिलच्या अखेरीला केतकी मणेरीकरच्या खात्यात नऊ कोटी चाळीस लाख रुपये जमा व्हायचे होते, आणि त्यासाठी तिला काहीएक करायचं नव्हतं. हे उगाच बोलण्याच्या ओघात म्हटलेलं नाही. काही न पाहणं, काही न ऐकणं आणि विशेषतः काही न कळणं, याचेच ते पैसे होते.

केतकी चार्टर्ड अकाउंटंट. रक्कम हातात येण्याआधीच तिची वाटणी झालेली होती. कर वजा जाता साधारण सहा कोटी राहतात. त्यातले दोन गंगापूर रोडवरच्या फ्लॅटच्या उरलेल्या कर्जाला. अडीच मुलीच्या रॉटरडॅममधल्या शिक्षणाला, कारण मुलीला समुद्रातल्या पवनचक्क्यांचं काही तरी शिकायचं होतं आणि ते नाशिकला शिकवत नाहीत. उरलेले दीड यशोधनला नोकरीतून सोडवायला.

यशोधन तिचा नवरा. केतकी ज्या उन्नयन लिफ्ट्स लिमिटेडची मुख्य वित्त अधिकारी होती, त्याच कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यात तो चाचणी विभागाचा प्रमुख होता. बावन्नाव्या वर्षी या माणसाची एकच इच्छा उरली होती: जुन्या हार्मोनियम दुरुस्त करायच्या. बाल्कनीत दोन पेट्या पोट उघडून पडलेल्या असत. "तुझे पैसे आले की मी राजीनामा देतो," असं तो तीन वर्षं म्हणत होता. पैसे तिचे आणि राजीनामा त्याचा, ही वाटणी केतकीने अर्थातच टिपून ठेवली होती, पण तिला ती आवडायचीही.

आता न कळण्याचे पैसे कसे मिळतात ते सांगायला हवं.

दहाएक वर्षांपूर्वी लागोपाठ काही मोठ्या कंपन्या बुडाल्या. दर वेळी वरची मंडळी चौकशीपुढे हात जोडून एकच वाक्य म्हणायची: आम्हाला कल्पना नव्हती. भागधारकांचे पैसे जात, साहेबांचे बोनस राहत. त्याच सुमारास मेंदूच्या एका जुन्या खोडीचा कुणी तरी नीट उपयोग करून घेतला. ओळखीची गोष्ट समोर आली, की मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते, साधारण एक तृतीयांश सेकंदात. दहावीच्या निकालाच्या यादीत हजार नावं असोत, आपल्या पोराचं नाव डोळ्यांना टोचतंच. ती टोचणी म्हणजे ही लाट. ती दाबता येत नाही, कारण दाबायचं ठरवेपर्यंत ती उठून गेलेली असते. पूर्वी ती पकडायला डोक्यावर तारांचं जंजाळ चिकटवावं लागे. आता केसांत घालायच्या पट्ट्याएवढं उपकरण पुरत होतं. लोक त्याला जाणपट्टी म्हणू लागले.

पट्टीची रीत सोपी. कंपनीच्या संगणकांत साठलेले सगळे अहवाल, तक्रारी, पत्रं एक यंत्र वाचून काढी आणि त्यांतून प्रश्न तयार करी. पडद्यावर एकामागून एक सहा ओळी येत. पाच बनावट, एक खरी. खरी कुठली हे यंत्र कधीच सांगत नसे. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मेंदूला सहाही ओळी सारख्या. ज्याला ठाऊक आहे, त्याची लाट नेमकी एकीला उठे.

मग कायदा आला. कंपनी दर तिमाहीला जे प्रकटनाचं पत्रक काढते, म्हणजे आमच्याकडे काय चांगलं आणि काय धोक्याचं आहे ते गुंतवणूकदारांना सांगते, त्यावर सही करणाऱ्या प्रत्येकाने आधी पट्टी लावून बसायचं. डोक्यात आहे आणि पत्रकात नाही असं काही सापडलं, तर पट्टी लाल: तीन वर्षांचा मोबदला परत, शिवाय तुरुंग. नाही सापडलं तर हिरवी. लोक खूश झाले. खुशीच्या भरात भागधारकांनी पगार समित्यांकडून आणखी एक गाजर बांधून घेतलं: सलग बारा तिमाह्या हिरव्या, तर मोबदला तिप्पट.

कायदा करणाऱ्यांना वाटलं, साहेब लोक आता सगळं सांगतील. साहेब लोकांनी कागद-पेन्सिल घेतली. सांगितलं तर शेअर पडतो आणि मोबदल्याचा मोठा भाग शेअरलाच टांगलेला. लपवलं तर पट्टी पकडते. मग राहिलं काय? मुळात माहीतच नसणं.

उन्नयनचे व्यवस्थापकीय संचालक अभिजात सबनीस यांनी ही विद्या पूर्णत्वाला नेली होती. त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं. कारखान्यात फेरी मारताना ते कानात नाट्यसंगीत लावत. कुणी "सर, जरा..." म्हणत जवळ आलं, की त्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवत आणि म्हणत, "तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच मला काही सांगू नका." माहिती सुसूत्रीकरण कक्ष ही त्यांचीच कल्पना. कंपनीतले सगळे अहवाल तिकडे जात. कारखान्यात त्याला गाळणी म्हणत. फरक एवढाच, की या गाळणीतून खाली काही पडत नसे. तिथली पोरं शीर्षक वाचून पोच देत, आत पाहत नसत. तशी अटच होती त्यांच्या नेमणूकपत्रात.

केतकीची अडचण अशी, की तिची गाळणी ऑफिसात आणि चाचणी विभागाचा प्रमुख घरात. पहिल्याच तिमाहीत यशोधन चहा पिता पिता एका मोटरबद्दल काही बोलून गेला. कळलं ते कळलं. तिला ते पत्रकात घालावं लागलं. शेअर चार टक्के पडला आणि सबनीस तिच्याशी आठवडाभर फार गोड बोलले. त्यानंतर घरात मिक्सरचा नियम आला.

यशोधनने कारखान्याचं नाव काढलं, की केतकी मिक्सर लावायची. रिकामं भांडं फिरवणं तिच्या स्वभावाला पटेना, म्हणून ती त्यात काही तरी घालायची. शेंगदाणे, जवस, कारळं, लसूण-खोबरं. अशी रीत बऱ्याच सहीवाल्यांच्या घरी पडली होती. पुण्यातल्या एका वित्तप्रमुखाची बायको म्हणे हेअर ड्रायर लावायची. पण त्यातून तोंडी लावायला काही निघत नाही. सुरुवातीला तिमाहीला चटणीचा एखादा डबा व्हायचा. बाराव्या तिमाहीत फ्रीजरचा खालचा कप्पा भरला आणि वरच्यातले मटार बाहेर काढावे लागले.

जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी यशोधन कप हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"केतकी, कारखान्यात..."

तिने मिक्सर लावला. जवस होते. ते पीठ होऊन भांड्याला चिकटेपर्यंत तिने तो बंद केला नाही.

"ऐकून तर घे," यशोधन म्हणाला.

"ऐकलं की घेतलं. परत देता येत नाही."

"लहान गोष्ट नाहीये ही."

"मग तर नकोच. लहान असती तर ऐकली असती."

"गाळणीकडे अहवाल दिलाय मी. दोनदा. दोन्ही वेळा पोच आली."

"मग झालं की."

"पोच आली, उत्तर नाही आलं."

"यशो, इतकी वर्षं नोकरी केलीस. पोच हेच उत्तर असतं."

तो हसला. हसवलं की यशोधनचा राग उतरतो, हे तिला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं, आणि ही माहिती पट्टीत येत नाही.

वाचकाला पट्टी लागायची नाही, म्हणून यशोधनला काय सांगायचं होतं ते इथे सांगायला हरकत नाही. लिफ्ट मजल्यावर थांबते आणि दार उघडतं, तेव्हा तिला जागच्या जागी धरून ठेवतो तो ब्रेक. ब्रेकच्या पोलादी पट्टीवर घर्षणाचा एक जाड थर चिकटवलेला असतो, त्याला लायनर म्हणतात. आदल्या वर्षी खरेदी विभागाने चिकटवायचं रसायन बदललं. ब्रेकमागे एकशेदहा रुपये वाचले. नाशिकच्या कोरड्या हवेत ते रसायन छान होतं. यशोधनने ब्रेक गरम आणि दमट ओव्हनमध्ये ठेवून महिनोन्महिने चालवले, समुद्रकाठी असतात तसे, तेव्हा लायनर एकेक करून निसटायला लागले. लायनर निसटला, की दार उघडं असतानाच लिफ्ट सरकते. खाली पडत नाही. तिच्या तोलाला लावलेलं वजन मोकळ्या लिफ्टपेक्षा जड असतं, म्हणून ती वर जाते. माणसाचा एक पाय आत असतो आणि एक बाहेर.

अलिबागपासून मालवणपर्यंत अशा सहाशेच्या वर लिफ्ट बसल्या होत्या.

मार्चमध्ये यशोधनने दुसरा रस्ता काढला. एका रविवारी दुपारी त्याने निसटलेला लायनर घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. केतकी पाठमोरी होती. काही तरी जड ठेवल्याचा आवाज तिने ऐकला, मागे हात करून ओट्यावरचा नॅपकिन घेतला आणि न वळता टेबलाकडे फेकला.

"काही ठेवलं असशील तर झाक. मी पाहिलेलं नाही."

यशोधनने झाकलं. मग खुर्ची ओढून बसला.

"बरं, असं करू. तू काही ऐकू नकोस, काही पाहू नकोस. मला फक्त हो म्हण. मी बाहेर कळवतो. सरळ नियामकाकडे."

आता ती वळली. सहीवाल्याच्या घरच्या माणसाने बाहेर तक्रार केली, तर सहीवाल्याला आधीपासून माहीत होतं असं कायदा धरून चालतो. पट्टी काहीही म्हणो, चौकशी संपेपर्यंत तीन वर्षांचा मोबदला गोठतो. चौकश्या संपत नाहीत. यशोधनला हे ठाऊक होतं, म्हणून तर तो विचारत होता.

"कशाला हो म्हणू?" ती म्हणाली. "काय ते माहीत नसताना?"

"मग विचार ना काय ते."

नॅपकिनखाली बशीएवढा उंचवटा दिसत होता. केतकीने त्याच्याकडे पाहिलं नाही; भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तिच्या आयुष्यातली सगळी महाग वाक्यं तिने शांतपणे म्हटली होती, तसंच हेही म्हटलं.

"एप्रिल संपू दे. पट्टी होऊ दे, पैसे येऊ देत. मग तू सांग, मी ऐकते, दोघं मिळून कळवू. तोवर काही कोसळत नाही."

"कोसळत नाही," यशोधन म्हणाला. "वर..."

मिक्सरमध्ये त्या दिवशी लसूण होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण पुढे कुठल्याच चौकशीत ती नोंदवली गेली नाही. मिक्सर काही माणसाहून मोठ्याने ओरडत नाही. यशोधनचा गळा तयारीचा होता. तरुणपणी त्याने मंडपातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवला होता. त्याला ओरडता आलं असतं. आरशावर लिहिता आलं असतं. न विचारता नियामकाकडे जाता आलं असतं. पण फेब्रुवारीत त्याने हार्मोनियमच्या सुरांच्या पितळी पट्ट्यांसाठी गुजरातेत पालिताण्याला आगाऊ पैसे पाठवले होते, आणि पंचवटीत एक गाळाही पाहून ठेवला होता. खिडकीतून उजेड चांगला येत होता त्या गाळ्यात. त्यानेही आपल्या बाजूने मिक्सर लावला होता. त्याचा फक्त आवाज येत नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बाराव्या तिमाहीची पट्टी झाली. सबनीस आधी बसले आणि अंघोळ करून आल्यासारखे ताजेतवाने बाहेर आले. मग केतकी. तंत्रज्ञ मुलीने तिच्या कपाळावर पट्टी नीट बसवली, केस मोकळे केले. पडद्यावर ओळी सरकू लागल्या.

ओव्हनमध्ये निसटलं: बेअरिंग. स्प्रिंग. लायनर. बोल्ट. वायर. कपलिंग.

धोका कुठे: डोंगराळ भागात. समुद्रकाठी. वाळवंटात. थंड हवेत. उंच इमारतींत. जुन्या इमारतींत.

म्हणजे खरं उत्तर तिच्या डोळ्यांसमोरून गेलं, दोनदा. पण गर्दीत अनोळखी माणूस जावा तसं गेलं. मध्येच एका क्षणी केतकीला वाटलं, यातलं एखादं टोचायला हवं होतं का. नाही टोचलं. सहाही ओळी सारख्याच गुळगुळीत. दिवा हिरवा झाला.

बाहेर सबनीसांनी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. "मॅडम, तुमच्याइतकं कोरं डोकं आख्ख्या महाराष्ट्रात नसेल. आणि हे मी कौतुकाने म्हणतोय."

"कळलं, सर."

"कळू देऊ नका," सबनीस म्हणाले, आणि दोघंही हसली.

ती संध्याकाळी लवकर घरी आली. यशोधन बाल्कनीत बसला होता. पुढ्यातली पेटी बंद होती. केतकीने पेढ्यांचा बॉक्स कठड्यावर ठेवला, चप्पल काढून खाली मांडी घातली आणि लहान मुलीसारखे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"बोल. झाली पट्टी. आता काय ते सगळं सांग, मी एक शब्द मध्ये बोलत नाही."

यशोधनने तिच्याकडे पाहिलं.

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"सकाळी. तुझी पट्टी चालू असेल त्या सुमाराला. रत्नागिरीत."

रक्त-लघवी, एक्स-रे अशा तपासण्यांच्या एका केंद्राची इमारत होती. सुनंदा शिरधनकर नावाच्या निवृत्त शिक्षिका गुडघ्यांच्या एक्स-रेसाठी आल्या होत्या. परत जाताना तिसऱ्या मजल्यावर त्यांनी लिफ्टमध्ये पाय ठेवला आणि लिफ्ट वर निघाली. दाराशी बसलेला पहारेकरी इब्राहिम मुकादम याने त्यांना दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. तो ओढत राहिला, सोडून मागे झाला नाही. लिफ्टने दोघांनाही सोडलं नाही.

मग यशोधनने सगळं सांगितलं. रसायन, ओव्हन, एकशेदहा रुपये, गाळणी. केतकीने कबूल केल्याप्रमाणे मध्ये एक शब्द काढला नाही. सांगून व्हायला दहा मिनिटंही लागली नाहीत. खाली सोसायटीच्या आवारात कुणी तरी गाडी धूत होतं. एवढंच होतं, असं तिच्या मनात आलं. एका चहाएवढं काम होतं.

कंपनीने त्याच आठवड्यात किनारपट्टीवरच्या सगळ्या लिफ्ट बंद केल्या. चौकशी बसली आणि चौकशीने कायद्याने सांगितलेला एकच प्रश्न विचारला: कुणाला माहीत होतं?

सबनीस, केतकी आणि बाकी तीन सहीवाले: हिरवे. गाळणीतली पोरं: त्यांनी फक्त 'चाचणी अहवाल, ब्रेक' एवढं शीर्षक वाचलं होतं, हिरवी. खरेदी विभागाला रसायन स्वस्त आहे एवढंच माहीत होतं आणि ते खरंच स्वस्त होतं. मग यशोधनला पट्टी लावली. ती इतकी लाल झाली, की तंत्रज्ञाने यंत्र बिघडलंय का ते आधी तपासून पाहिलं. लायनर म्हटलं की लाट, समुद्र म्हटलं की लाट, एकशेदहा म्हटलं की लाट. आख्ख्या कंपनीत धोका माहीत असलेला माणूस एकच निघाला. माहीत असून तीस दिवसांत बाहेर कळवलं नाही, हा त्याचा गुन्हा.

"पण मी अहवाल दिला होता," यशोधन म्हणाला.

"कुणाला?" चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं.

"कक्षाला."

"कळवलं म्हणजे कुणाला तरी कळलं पाहिजे. तिथे कुणालाच कळलेलं नाही, हे तर आता सिद्ध झालंय."

केतकीने साक्ष द्यायची ठरवलं. यशोधनच्या वकील रेणुका ओक यांनी तिला बजावलं, की यात स्वतःच अडकशील. केतकी म्हणाली, "अडकायलाच चाललेय." तिने मनात हिशेब मांडला होता. ती अडकली, की यशोधनने घरात तरी सांगायचा प्रयत्न केला होता हे सिद्ध होतं. त्याची शिक्षा निम्मी होते, उरलेली तिच्या वाट्याला येते. मोबदला जातो. वाटणी न्याय्य होती.

कंपनीचे वकील तिच्याशी फार अदबीने बोलले.

"मॅडम, आपले पती आपल्याला नेमकं काय सांगू पाहत होते?"

"ब्रेकबद्दल."

"हे आपल्याला कधी कळलं?"

"अपघात झाला त्या संध्याकाळी."

"म्हणजे जानेवारीत, मार्चमध्ये माहीत नव्हतं. मग तेव्हा ते ब्रेकबद्दलच सांगत होते, कशावरून?"

"दुसरं काय सांगणार? मी ऐकायचं नाही म्हणून मिक्सर लावत होते."

"मिक्सर आपण कशासाठी लावता, मॅडम?"

"चटणी... न ऐकण्यासाठी."

"आपण आधी म्हणालात ते नोंदवून घेऊ."

"मला आत्ता पट्टी लावा," केतकी म्हणाली. "लायनर म्हणा, समुद्र म्हणा. बघा लाल होते का."

तंत्रज्ञ मुलगी अवघडून उभी राहिली. "मॅडम, होणारच. आता सगळ्यांनाच माहीत आहे. मेंदू ओळखतो, पण कधीपासून ओळखतो ते सांगत नाही. ओळखीवर तारीख नसते."

म्हणून तारीख असलेला पुरावा ग्राह्य धरला गेला: बारा हिरव्या पट्ट्या.

"माझ्या फ्रीजरमध्ये सतरा डबे चटणी आहे," केतकी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. "एवढ्याशा घरात सतरा डबे कुणी करतं का?"

"मॅडमना स्वयंपाकाची आवड आहे, असं नोंदवावं," वकील म्हणाले. दालनात हशा पिकला. आरोपीच्या खुर्चीत बसलेला यशोधनही हसला, आणि केतकीला ते सगळ्यात जास्त लागलं.

निकालात तिच्याविषयी एक परिच्छेद होता. पतीला वाचवण्यासाठी स्वतःवर खोटा दोष ओढवून घेणाऱ्या पत्नीबद्दल न्यायासनाला सहानुभूती होती. यशोधनला सात वर्षांची शिक्षा झाली.

तिने मोबदला परत करण्याचं पत्र पगार समितीला दिलं. दुसऱ्याच दिवशी सबनीसांनी तिला बोलावून घेतलं.

"परत कसे घेऊ, मॅडम? घेतले तर का घेतले ते पत्रकात छापावं लागेल. म्हणजे तुमची हिरवी पट्टी खोटी होती की काय, असा संशय येणार. तुमची खोटी, तर माझी? नियमात पट्टी लाल झाली तरच वसुली आहे. भल्या माणसाकडून वसुलीची तरतूदच नाही."

शिरधनकर बाईंच्या मुलाने तिचा चेक वकिलामार्फत परत पाठवला. कंपनीच्या माणसाचा पैसा म्हणजे लाच, असं त्याला कुणी तरी सांगितलं होतं. मुकादमच्या बायकोने विम्याची रक्कम घेताना यापुढे कुणाकडून काही घेणार नाही असं लिहून दिलं होतं. मग केतकीने फ्लॅटचं कर्ज फेडलं, रॉटरडॅमला फी भरली. राजीनामा लिहिला आणि दिला नाही, कारण अपिलाला वकील लागतो आणि वकिलाला पगार लागतो. पैशाला जायला बाकी कुठली वाटच उरली नव्हती.

एक गोष्ट तिने केली. पावसाळ्यानंतर ती स्वतः सातपूरच्या कारखान्यात गेली, मिक्सरचा नियम आल्यापासून पहिल्यांदाच. चाचणी विभागाचा नवा प्रमुख अर्णव कुलथे तिशीचा होता. तिला पाहून आधी घाबरला. यशोधनचा दमट ओव्हन कोपऱ्यात उघडा होता. आत लोकांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते.

"गरम राहतात मॅडम," अर्णव म्हणाला. "जेवणाच्या आधी थोडा वेळ लावतो."

"नवे ब्रेक किती तास चालवून बघितले?"

"नियमात आहेत तेवढे. शंभर."

"आणि शंभरच्या पुढे काय होतं?"

"ते आम्हाला माहीत नाही, मॅडम." त्याने हे दबकत म्हटलं नाही. पाठ करून आलेल्या मुलासारखं स्वच्छ म्हटलं.

"अरे, पण माहीत करून घ्यायला हवं ना? तुझं कामच आहे ते."

अर्णवने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, रागावू नका. सरांकडूनच मी काम शिकलो. पण आख्ख्या कंपनीत एकाला कळलं होतं आणि तोच आत गेला. पट्टीत काय येतं? जे डोक्यात असतं ते. मग डोक्यात आणायचंच कशाला? सगळ्या कंपन्यांनी शंभरच्या पुढच्या चाचण्या बंद केल्यात. आता कुणालाच काही माहीत नाही, त्यामुळे कुणाला भीती नाही."

"मी सांगते म्हणून चालव. मी सही करते, माझी जबाबदारी."

"लेखी द्या," अर्णव म्हणाला. "रीतसर येऊ दे."

तिने लेखी दिलं. सविस्तर, चार पानी, रसायनाच्या नावासकट. कक्षाकडून दुसऱ्या दिवशी पोच आली.

महिन्यातून एकदा ती नाशिकरोडच्या तुरुंगात यशोधनच्या भेटीला जाते. वाळला आहे, पण तब्येत बरी आहे त्याची. तिथल्या प्रार्थनेच्या खोलीत एक जुनी पेटी आहे, दोन सूर मुके. अधिकाऱ्यांनी ती त्याच्याकडे दुरुस्तीला दिली आहे. पालिताण्याच्या पितळी पट्ट्या केतकीने परवानगी काढून नेऊन दिल्या. म्हणजे नोकरी सुटून पेट्या दुरुस्त करायचं ठरलं होतं, ते तसं झालं.

मागच्या भेटीत जाळीपलीकडून तो म्हणाला, "केतकी, मला..."

ती ताबडतोब गप्प झाली. पुढे झुकली, श्वास रोखला. आजूबाजूला इतर कैद्यांच्या बायका-पोरांचा गलका होता आणि त्यातून एक अक्षर निसटू नये म्हणून तिने कान जाळीला लावला. 

"काही नाही," तो म्हणाला. "मागच्या वेळच्या चटणीत मीठ कमी होतं."

वर्षअखेरीचं पत्रक तयार झालं, तेव्हा रत्नागिरीच्या घटनेला त्यात एक ओळ मिळाली. घटनेचा कंपनीच्या आर्थिक स्थितीवरील परिणाम: नगण्य. केतकीने सगळे आकडे पुन्हा लावून पाहिले. ओळ खरी होती. ती पट्टी लावून बसली; शंभर तासांपुढे काय होतं ते तिलाही माहीत नव्हतं, म्हणून हिरवी होऊन बाहेर आली आणि तिने सही केली.

घरी येऊन तिने जुन्या सवयीने कोऱ्या कागदावर शेवटची बेरीज मांडली. सुनंदा शिरधनकर आणि इब्राहिम मुकादम यांनी जीव भरला. यशोधनने सात वर्षं. विमा कंपनीने दोन्ही घरांना मिळून अठ्ठ्याऐंशी लाख दिले आणि पुढच्या हप्त्यात उन्नयनकडून वसूल केले. उन्नयनने ते लिफ्टच्या देखभालीच्या दरात घातले, म्हणजे किनारपट्टीवरच्या सोसायट्यांनी भरले. शिरधनकर बाईंचा मुलगा त्यातल्याच एका इमारतीत राहतो, तेव्हा थोडे त्यानेही. सबनीसांनी काही भरलं नाही. खर्चाच्या बाजूला केतकी आपलं नाव शोधत राहिली. वरून खाली दोनदा पाहिलं, खालून वर एकदा. नाव होतं ते जमेच्या बाजूला, एकाच ठिकाणी, आणि पुढची रक्कम अगदी बरोबर होती.